हूल, गणित आणि सॉल्व्हर : पोकरच्या अभ्यासपद्धतीचा इतिहास

प्रस्तावना

बुद्धिबळ आणि पत्ते हे दोन्ही बैठे खेळ असले, तरी विद्वत्समाजाने त्यांना दिलेली वागणूक सारखी नाही. बुद्धिबळ ही बुद्धिमत्तेची कसोटी मानली गेली; पत्त्यांच्या, आणि त्यातही पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या, वाट्याला मात्र व्यसनाचा शिक्का आला. तथापि विसाव्या शतकात 'खेळ सिद्धांत' ही गणितशाखा आकार घेत असताना तिच्या प्रवर्तकांनी आदर्श म्हणून निवडला तो पोकर हा पत्त्यांचा खेळ होय. बुद्धिबळाच्या पटावरील सर्व मोहरी दोन्ही खेळाडूंना दिसत असतात. पोकरमध्ये प्रतिस्पर्ध्याची पाने झाकलेली असतात आणि त्या अज्ञानातच निर्णय घ्यावा लागतो. बाजारपेठ, वाटाघाटी, निवडणूक, युद्ध या व्यवहारांतही समोरच्याच्या हातात काय आहे हे दिसत नसते. या दृष्टीने पोकर मानवी व्यवहाराला बुद्धिबळापेक्षा अधिक जवळचा ठरतो.

गेल्या दशकात या खेळाच्या उच्च पातळीवरील अभ्यासाची रीत मुळापासून बदलली. या बदलाचे साधन म्हणजे 'सॉल्व्हर' नावाने ओळखली जाणारी संगणकप्रणाली. दिलेल्या परिस्थितीत प्रत्येक संभाव्य पानांच्या जोडीने काय करावे आणि किती प्रमाणात करावे, याचे उत्तर ही प्रणाली काही मिनिटांत किंवा तासांत काढून देते. प्रस्तुत लेखात या साधनापर्यंतच्या सुमारे शंभर वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेऊन एका प्रश्नाचा विचार केला आहे : उत्तर हाताशी असताना शिकण्यासारखे काय उरते? हा प्रश्न पोकरपुरता मर्यादित नाही, म्हणूनच तो अध्यापकवर्गापुढे मांडावासा वाटतो. जुगाराचे समर्थन करणे हा या लेखाचा हेतू नाही, हेही आरंभी स्पष्ट केले पाहिजे.

खेळाचे स्वरूप आणि गणिताचा प्रवेश

पोकरचे अनेक प्रकार असले तरी आज 'टेक्सास होल्डेम' हा प्रकार सर्वाधिक प्रचलित आहे. त्यात प्रत्येक खेळाडूला दोन झाकलेली पाने मिळतात. त्यानंतर सर्वांसाठी समाईक अशी पाच पाने तीन टप्प्यांत उघडली जातात : प्रथम तीन (फ्लॉप), नंतर एक (टर्न) आणि शेवटी एक (रिव्हर). प्रत्येक टप्प्यावर खेळाडू पैज लावू शकतो, समोरच्याची पैज स्वीकारू शकतो, ती वाढवू शकतो किंवा पाने टाकून माघार घेऊ शकतो. डाव दोन प्रकारे जिंकता येतो : अखेरीस अधिक चांगली पाने दाखवून, किंवा त्याआधीच सर्व प्रतिस्पर्ध्यांना माघार घ्यायला लावून. या दुसऱ्या मार्गामुळे 'हूल' शक्य होते. हाती दुबळी पाने असताना बलवान पानांचा आव आणून पैज लावणे म्हणजे हूल, अर्थात खेळाडूंच्या भाषेतील 'ब्लफ'. आपल्याकडे तीन पत्ती खेळणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित नाही.

हूल देणे हा स्वभावाचा, धाडसाचा किंवा लबाडीचा भाग आहे अशी सर्वसाधारण समजूत होती. ती गणिताच्या कक्षेत येऊ शकेल अशी कल्पना प्रथम युरोपातील गणितज्ञांनी केली. फ्रेंच गणितज्ञ एमिल बोरेल यांनी १९२१ मध्ये, ज्या खेळांत नशीब आणि खेळाडूंचे कौशल्य दोन्ही गुंतलेली असतात, अशा खेळांचा विचार मांडला आणि ठरावीक प्रमाणात आलटून-पालटून वापरावयाच्या मिश्र डावपेचांची कल्पना पुढे आणली. मात्र अशा खेळांना सर्वसाधारण उत्तर असेलच याबद्दल ते साशंक होते. ती शंका हंगेरियन गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी दूर केली. १९२६ मध्ये ग्यॉटिंगेन येथे मांडलेल्या आणि १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी सिद्ध केले, की एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा असलेल्या, मर्यादित पर्यायांच्या द्विपक्षीय खेळात प्रत्येक पक्षापाशी असा एक मिश्र डावपेच असतो, जो उघड केला तरी प्रतिस्पर्ध्याला त्याचा फायदा उठवता येत नाही.

ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासमवेत फॉन नॉयमन यांनी लिहिलेला खेळ सिद्धांतावरील ग्रंथ १९४४ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने प्रकाशित केला. त्यात पोकर आणि हूल यांना स्वतंत्र स्थान आहे. तेथील सोप्या प्रतिमानाचा निष्कर्ष लक्षणीय आहे. खेळाडूने आपल्या सर्वोत्तम पानांवर पैज लावावी आणि सर्वांत निकृष्ट पानांपैकी काहींवरही लावावी. मध्यम पानांवर मात्र लावू नये. मध्यम पानांना पैजेशिवायही डाव जिंकण्याची काही आशा असते, निकृष्ट पानांना ती नसते. हूल देणे हे अपवादात्मक धाडस नसून उत्तम खेळाचा अनिवार्य घटक आहे, असा त्याचा अर्थ होतो. कधीही हूल न देणाऱ्याच्या मोठ्या पैजेला कोणीही प्रतिसाद देणार नाही, आणि मग त्याच्या उत्तम पानांचेही मोल उरणार नाही.

तीन पानांचे पोकर

या विचाराचे सर्वांत स्वच्छ रूप अमेरिकन गणितज्ञ हॅरल्ड कून यांनी १९५० मध्ये मांडलेल्या छोट्या खेळात पाहावयास मिळते. त्याच सुमारास जॉन नॅश यांनी समतोलाची व्यापक संकल्पना मांडली. १९५१ मधील त्यांच्या प्रसिद्ध निबंधातही तीन खेळाडूंच्या एका सोप्या पोकरचे उदाहरण आहे. कून यांच्या खेळात पाने तीनच : गुलाम, राणी आणि राजा. खेळाडू दोन. प्रत्येकजण आरंभी एक रुपया डावात टाकतो आणि त्याला एक पान मिळते. पहिला खेळाडू एक रुपयाची पैज लावू शकतो किंवा थांबू शकतो. पैज लागली तर दुसऱ्याने ती स्वीकारावी किंवा माघार घ्यावी. पहिला थांबला तर पैज लावण्याची संधी दुसऱ्याला मिळते, आणि ती स्वीकारायची की नाही हे मग पहिल्याने ठरवायचे असते.

या खेळाचे उत्तर असे की पहिल्या खेळाडूने राजावर जितक्या वेळा पैज लावावी, त्याच्या एक तृतीयांश वेळा गुलामावर लावावी, म्हणजे हूल द्यावी. राणीवर आरंभी पैज लावू नये. पैज लागल्यावर दुसऱ्या खेळाडूने राजा असल्यास ती नेहमी स्वीकारावी, गुलाम असल्यास नेहमी माघार घ्यावी आणि राणी असल्यास तीनपैकी एकदा स्वीकारावी.

हे आकडे कोठून येतात? राणी हातात असलेल्या दुसऱ्या खेळाडूचा विचार करू. त्याला एक रुपया घालून तीन रुपये मिळवायचे आहेत : आरंभीचे दोन आणि पैजेचा एक. समोरच्याच्या चार पैजांपैकी तीन राजाच्या आणि एक गुलामाची असेल, तर चारही वेळा पैज स्वीकारून त्याचे तीन रुपये जातात आणि तीन येतात. स्वीकारणे आणि माघार घेणे ही दोन्ही त्याला सारखीच ठरतात. आता गुलामावर हूल देणाऱ्याचा विचार करू. त्याला एक रुपया घालून दोन मिळवायचे आहेत. समोर राजा आणि राणी येण्याची शक्यता समान आहे. सहा डाव घेतले तर तीनदा राजा असेल आणि पैज स्वीकारली जाईल. तीनदा राणी असेल आणि त्यांपैकी एकदा स्वीकारली जाईल. अशा चार डावांत त्याचे चार रुपये जातात आणि उरलेल्या दोन डावांत प्रत्येकी दोन याप्रमाणे चार मिळतात. येथेही हिशेब जुळतो. प्रत्येकजण आपले प्रमाण असे ठेवतो, की समोरच्याला कोणत्याच बाजूला झुकण्यात लाभ नसावा. 'समतोल' या शब्दाचा येथील अर्थ हाच होय. दोघांनीही बिनचूक खेळ केल्यास पहिला खेळाडू सरासरी दर १८ डावांमागे एक रुपया गमावतो, कारण आधी बोलणारा थोडी माहिती उघड करतो.

या छोट्या खेळात उत्तर आणि त्याचे कारण एकाच वेळी दिसतात, हे त्याचे शैक्षणिक महत्त्व होय. प्रत्यक्ष पोकर मात्र या पद्धतीने सोडवणे त्या काळी अशक्यप्राय होते. गणितज्ञांजवळ कारणे होती, पण खऱ्या खेळाची उत्तरे नव्हती.

अनुभवाची परंपरा

उत्तरे शोधण्याचे काम दरम्यानच्या काळात व्यावसायिक खेळाडू आपल्या परीने करीत होते. हर्बर्ट यार्डली यांचे पोकर शिक्षणावरील पुस्तक १९५७ मध्ये आले. १९७० मध्ये लास व्हेगास येथे पोकरची जागतिक मालिका सुरू झाली. तिचे दोनदा विजेते ठरलेले डॉइल ब्रन्सन यांनी 'सुपर सिस्टिम' हा ग्रंथ अन्य तज्ज्ञांच्या सहकार्याने सिद्ध केला आणि तोवर गुप्त राखलेले आक्रमक खेळाचे ज्ञान खुले केले. माइक कॅरो यांनी १९८४ मध्ये प्रतिस्पर्ध्याच्या हालचालींवरून त्याच्या पानांचा अंदाज बांधण्याची विद्या पुस्तकरूपाने मांडली. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी याच दशकात पोकरच्या तात्त्विक विवेचनाचा पाया घातला. त्यांचे मूलसूत्र असे, की प्रतिस्पर्ध्याची पाने दिसत असती तर आपण जसे खेळलो असतो त्याहून वेगळे खेळलो, की लाभ प्रतिस्पर्ध्याचा होतो.

या साऱ्या परंपरेचा मध्यवर्ती प्रश्न 'समोरच्याच्या हातात कोणते पान आहे?' हा होता. ज्ञान गुरूकडून शिष्याकडे, टेबलावरून टेबलाकडे जात असे आणि त्याची कसोटी मिळालेला पैसा ही होती. ही कसोटी फसवी आहे. पोकरमध्ये नशिबाचे चढउतार इतके मोठे असतात की चुकीची समजूतही दीर्घकाळ यशस्वी भासू शकते.

२००३ मध्ये ख्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने अल्प शुल्काच्या ऑनलाइन स्पर्धेतून प्रवेश मिळवून जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा आणि २५ लाख डॉलर जिंकले. त्यानंतर ऑनलाइन पोकरचा झपाट्याने प्रसार झाला. खेळलेल्या प्रत्येक डावाची नोंद संगणकात राहू लागली आणि तरुण खेळाडूंना लाखो डावांचे विश्लेषण करता येऊ लागले. २००६ मध्ये बिल चेन आणि जेरड अँकेनमन यांनी पोकरच्या गणितावरील ग्रंथात कून व फॉन नॉयमन यांच्या धाटणीची छोटी प्रतिमाने खेळाडूंपुढे ठेवली. गणितज्ञांचा प्रवाह आणि खेळाडूंचा प्रवाह येथे एकमेकांना भिडले.

संगणकाची वाटचाल

मे १९९७ मध्ये 'डीप ब्लू' या संगणकाने बुद्धिबळाचे जगज्जेते गॅरी कास्पारॉव्ह यांना नमविले. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात त्याच सुमारास पोकर खेळणाऱ्या संगणकावर संशोधन चालू होते. तेथील अडचण वेगळी होती. बुद्धिबळात एका स्थितीला एक उत्तम खेळी शोधता येते. पोकरमध्ये एखाद्या पानाने काय करावे, हे त्या जागी आपल्याकडे असू शकणाऱ्या इतर सर्व पानांनी आपण काय करतो यावर अवलंबून असते. एकट्या गुलामाचे उत्तर राजाचे उत्तर ठरल्याशिवाय मिळत नाही.

निर्णायक पाऊल २००७ मध्ये याच विद्यापीठातील संशोधकांनी टाकले. त्यांच्या पद्धतीत यंत्र स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळते. प्रत्येक निर्णयस्थानी ते 'येथे दुसरी कृती केली असती तर किती अधिक मिळाले असते' याचा हिशेब ठेवते. ज्या कृतीबद्दल अशी हळहळ अधिक, ती पुढील फेऱ्यांत अधिक प्रमाणात वापरली जाते. अशा असंख्य फेऱ्यांची सरासरी द्विपक्षीय खेळात समतोलाकडे सरकत जाते, हे गणिताने सिद्ध झाले आहे. प्रतिस्पर्ध्याचा चेहरा, हालचाल किंवा इतिहास यांपैकी काहीही यंत्राला ठाऊक नसते, तरीही ते अचूक प्रमाणात हूल देण्यास शिकते. हूल मानसशास्त्राची मिंधी नाही, हा १९२८ चा विचार येथे प्रत्यक्षात उतरला.

जानेवारी २०१५ मध्ये अल्बर्टाच्या मायकेल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी, पैजेची रक्कम ठरावीक असलेला दोन खेळाडूंचा होल्डेम व्यवहारतः सुटल्याचे 'सायन्स' नियतकालिकात जाहीर केले. हे काम ४,८०० प्रक्रियकांनी सुमारे ६८ दिवस अखंड केले होते. ऑस्करी तामेलिन यांनी शोधलेल्या सुधारित पद्धतीमुळे ते शक्य झाले.

पैजेवर मर्यादा नसलेला प्रकार कितीतरी अधिक जटिल आहे. त्यातील निर्णयस्थानांची संख्या एकावर १६१ शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येच्या घरात जाते. २०१५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचा 'क्लॉडिको' हा संगणक ८०,००० डावांच्या सामन्यात व्यावसायिक खेळाडूंच्या मागे राहिला. जानेवारी २०१७ मध्ये त्याच विद्यापीठातील नोम ब्राउन आणि तुओमास सँडहोम यांच्या 'लिब्रेटस'ने पिट्सबर्ग येथे चार नामवंत खेळाडूंविरुद्ध २० दिवसांत १,२०,००० डाव खेळून निर्विवाद विजय मिळवला. दिवसभरात खेळाडूंनी हेरलेली उणीव हे यंत्र रात्रीतून बुजवीत असे. २०१९ मध्ये फेसबुक आणि कार्नेगी मेलन यांच्या सहकार्यातून आलेल्या 'प्लुरिबस'ने सहा खेळाडूंच्या टेबलावरही व्यावसायिकांवर मात केली. त्याच्या प्रशिक्षणाला ६४ गाभ्यांचा एक संगणक आणि आठ दिवस पुरले.

प्लुरिबसच्या खेळातून परंपरेची परीक्षाही झाली. डावाच्या आरंभी पैज न वाढवता नुसता सहभाग घेणे बहुतेक स्थानांवरून तोट्याचे असते, ही खेळाडूंची जुनी समजूत खरी ठरली. उलट, मागील फेरीत केवळ पैज स्वीकारणाऱ्याने पुढील फेरीत स्वतःहून पैज लावणे ही नवशिक्याची चूक मानली जाई. ती पद्धत यंत्राने मानवी खेळाडूंपेक्षा बरीच अधिक वापरली. अनुभवाची परंपरा सर्वस्वी चूक नव्हती आणि सर्वस्वी बरोबरही नव्हती. पण तिच्यातील कोणता भाग खरा हे ठरविण्याचे साधन तिच्यापाशी नव्हते.

सॉल्व्हर आणि अभ्यासाची नवी रीत

प्रयोगशाळेतील हे ज्ञान २०१५ मध्ये 'पायोसॉल्व्हर'सारख्या प्रणालींमुळे सामान्य खेळाडूच्या घरातील संगणकावर पोहोचले. संपूर्ण खेळ सोडविण्याऐवजी ही प्रणाली त्यातील एक परिस्थिती सोडवते. अभ्यासकाने तिला पुढील माहिती पुरवायची असते : दोन्ही खेळाडूंच्या हाती असू शकणाऱ्या पानांचे संच, उघडलेली समाईक पाने, डावातील रक्कम, दोघांजवळ उरलेली रक्कम आणि मुभा असलेल्या पैजांचे आकार. दोन पानांच्या जोड्या १,३२६ होतात. रंगांचा भेद वगळता त्यांचे १६९ प्रकार पडतात आणि ते तेरा गुणिले तेरा चौकटींच्या तक्त्यात मांडले जातात. सॉल्व्हर प्रत्येक चौकटीत कोणती कृती शेकडा किती वेळा करावी आणि तिचे अपेक्षित मूल्य किती, हे दाखवतो.

एक उदाहरण घेऊ. डावाच्या आरंभी एकाने शेवटच्या स्थानावरून पैज वाढवली आणि एकाने ती स्वीकारली. फ्लॉपवर एक्का, सत्ती आणि दुर्री अशी तीन वेगवेगळ्या रंगांची पाने आली. अशा ठिकाणी पैज वाढवणाऱ्याने आपल्या बहुतेक पानांनिशी लहान पैज लावावी, असे सॉल्व्हर सुचवतो. त्याऐवजी नव्वी, अठ्ठी आणि सत्ती आली, तर तोच सॉल्व्हर त्याच खेळाडूला कितीतरी अधिक वेळा थांबण्यास सांगतो. अभ्यासकाने येथे विचारायचा प्रश्न 'माझ्या हातात काय आहे?' हा नसून 'ही पाने दोघांपैकी कोणाच्या संचाला अधिक मानवतात?' हा आहे. आरंभी पैज वाढवणाऱ्याच्या संचात बलवान एक्के अधिक असतात. स्वीकारणाऱ्याच्या संचात मधल्या, सलग पानांचे प्रमाण अधिक असते. स्क्लान्स्कींच्या पिढीतील 'कोणते पान' या प्रश्नाची जागा 'कोणता संच' या प्रश्नाने घेतली, हा या साधनाने घडवलेला सर्वांत मोठा वैचारिक बदल होय.

हूल देण्यासाठी पाने निवडण्याचा विचारही असाच सूक्ष्म झाला. समाईक पानांत तीन इस्पिके आहेत आणि आपल्या हातात इस्पिकचा एक्का आहे, पण दुसरे इस्पिक नाही. आपली पाने दुबळी असली, तरी समोरच्याकडे इस्पिकच्या एक्क्यासह पाच इस्पिके असणे आता अशक्य झाले. म्हणून हूल देण्यास हे पान उपयोगी ठरते. हातातील पानाचे मोल त्याच्या बळाइतकेच त्याने समोरच्याकडून हिरावलेल्या शक्यतांवरही अवलंबून असते, हे जुने खेळाडू अंदाजाने जाणत होते. सॉल्व्हरने त्याला मोजमाप दिले.

उत्तर आणि कारण

फ्लॉपवर येऊ शकणाऱ्या तीन पानांचे २२,१०० संयोग होतात. रंगांची अदलाबदल समान मानली तरी १,७५५ उरतात. प्रत्येकाच्या पुढे टर्न आणि रिव्हरचे फाटे, पैजांचे आकार, खेळाडूंची स्थाने. ही सर्व उत्तरे पाठ करणे मानवी स्मरणशक्तीच्या आवाक्याबाहेरचे आहे. तरीही अनेक अभ्यासक तक्त्यांच्या घोकंपट्टीपासून आरंभ करतात, आणि सॉल्व्हरचा अभ्यास फसतो तो बहुधा येथेच.

एखाद्या चौकटीत पैज ३७ टक्के आणि थांबणे ६३ टक्के असे दिसले, की नवा अभ्यासक ते प्रमाण लक्षात ठेवू पाहतो. त्या आकड्यांचा खरा अर्थ, त्या पानांसाठी दोन्ही कृतींचे अपेक्षित मूल्य जवळजवळ समान आहे, असा होतो. एखाद्या डावात यांपैकी काहीही केले तरी थेट तोटा होत नाही. तोटा होतो तो एकूण प्रमाण एका बाजूला झुकल्यामुळे आणि ते झुकणे प्रतिस्पर्ध्याने ओळखल्यामुळे. कून यांच्या खेळात राणी असलेला खेळाडू ज्या कारणाने स्वीकारणे आणि माघार यांबाबत तटस्थ होता, तेच कारण येथे शेकडो चौकटींत पसरलेले असते. तीन पानांचा हिशेब ज्याने स्वतः मांडला आहे, त्याला हा तक्ता वाचता येतो. इतरांना तो नुसता रंगीत दिसतो.

दुसरी मर्यादा गृहीतकांची आहे. पानांचे संच आणि पैजांचे आकार अभ्यासकच सॉल्व्हरला पुरवतो. ते अवास्तव असतील, तर उत्तर कितीही अचूक असले तरी ते भलत्याच प्रश्नाचे उत्तर ठरते. तिसरी मर्यादा समतोलाच्या स्वरूपातच आहे. द्विपक्षीय खेळात समतोल आपल्याला दीर्घकाळात तोट्यापासून वाचवतो; समोरच्याच्या चुकांचा पुरेपूर लाभ मिळवून देण्याची हमी तो देत नाही. दगड-कागद-कात्री या मुलांच्या खेळात तिन्ही खुणा समप्रमाणात करणारा कधी मार खात नाही. पण समोरचा सतत दगडच करीत असेल तर त्याला त्याचा काही लाभही होत नाही. खेळाडू तीन किंवा अधिक झाले, की तोट्यापासून बचावाची ती हमीही गणित देत नाही.

जाणते अभ्यासक म्हणूनच सॉल्व्हरकडे वेगळ्या रीतीने पाहतात. प्रथम स्वतःचे उत्तर कारणासह लिहायचे, मग सॉल्व्हरचे पाहायचे, दोहोंतील अंतराचे स्पष्टीकरण शोधायचे आणि शेवटी एखादेच गृहीतक बदलून उत्तर आपल्या अपेक्षेप्रमाणे हलते की नाही हे तपासायचे, असा त्यांचा क्रम असतो. एखाद्या निर्णयस्थानी प्रतिस्पर्ध्याचे वर्तन ठरावीक प्रमाणात गोठवून, उदाहरणार्थ तो हूल देतच नाही असे मानून, आपले उत्तर किती बदलते हे पाहण्याची सोयही या प्रणालींत आहे. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत जे स्थान नियंत्रित प्रयोगाला, तेच येथे या सोयीला आहे.

या साधनाने नैतिक प्रश्नही उभे केले. अभ्यासासाठीचा सॉल्व्हर प्रत्यक्ष खेळताना उघडला की ती फसवणूक ठरते. ऑनलाइन पोकर चालविणाऱ्या प्रमुख संस्थांच्या नियमांत त्याला बंदी आहे. २०२४ च्या जागतिक मालिकेत मुख्य स्पर्धेच्या अंतिम टेबलाशेजारी विजेत्याच्या सहकाऱ्यांनी लॅपटॉप वापरल्यावरून मोठा वाद झाला. परीक्षागृहाबाहेर संदर्भग्रंथ असलेली वस्तू परीक्षागृहात नक्कल ठरते. हा भेद अध्यापकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

कौशल्याचा प्रश्न आणि भारतीय कायदा

पोकर कौशल्याचा खेळ आहे की नशिबाचा, हा वाद भारतातही न्यायालयांपुढे आला आहे. त्याची मुळे मुंबई राज्यातील कायद्यांत सापडतात. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. मुंबई राज्याच्या १९४८ च्या बक्षीस स्पर्धाविषयक कायद्यातून उद्भवलेल्या चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये, ज्या स्पर्धेतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे, हे तत्त्व अधोरेखित केले. १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात घोड्यांच्या शर्यतींना तेच लागू झाले. या कसोटीच्या दृष्टीने सॉल्व्हरचा इतिहास हा एक वजनदार पुरावा आहे. ज्या खेळात उत्तम आणि निकृष्ट निर्णय यांतील अंतर मोजता येते, त्यात कौशल्याचा भाग आहे हे नाकारता येत नाही.

परंतु २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवून त्यांवर बंदी घातली. त्यामागील युक्तिवाद आर्थिक व सामाजिक हानीचा आहे, आणि सॉल्व्हर त्याला उत्तर देऊ शकत नाही. खेळात कौशल्य असणे आणि तो खेळणाऱ्या सर्वांपाशी ते कौशल्य असणे, या भिन्न गोष्टी आहेत. किंबहुना अभ्यासाची साधने जितकी प्रगत, तितके अभ्यासू आणि अनभ्यस्त यांतील अंतर अधिक आणि अनभ्यस्ताचा तोटा अधिक निश्चित. पोकरच्या गणिताचा अभ्यास मात्र पैशाशिवायही होऊ शकतो; कून यांच्या खेळाला तीन पाने आणि एक वही पुरते.

समारोप

वरील विवेचनातून या इतिहासाचे दोन टप्पे स्पष्ट होतात. १९२१ ते १९५१ या काळात गणितज्ञांनी कारणे शोधली, पण ती खऱ्या खेळाला लावण्याची शक्ती त्यांच्यापाशी नव्हती. २००७ नंतर संगणकाने उत्तरे दिली, पण ती कारणांशिवाय आली. 'या पानांनी ३७ टक्के पैज लावा' असे सांगणारे यंत्र 'का' हे सांगत नाही. आजच्या अभ्यासकाला या दोन टप्प्यांमधील दुवा स्वतः जोडावा लागतो, आणि त्यासाठी त्याला यंत्राच्या तक्त्यावरून पुन्हा तीन पानांच्या हिशेबाकडे यावे लागते.

गणकयंत्र आल्यावर पाढ्यांचे काय, आणि लिहून देणारे संगणक आल्यावर निबंधाचे काय, हे प्रश्न महाविद्यालयांतून वारंवार विचारले जातात. पोकरच्या क्षेत्रात ही स्थिती आधीच येऊन गेली आहे, आणि तेथील अनुभव पुरेसा स्पष्ट आहे. उत्तरे सर्वांना सारखीच उपलब्ध झाली, तरी सर्व खेळाडू सारखे झाले नाहीत. ज्यांनी उत्तर पाहण्यापूर्वी स्वतःचे उत्तर मांडण्याची सवय ठेवली, ते परिस्थिती बदलताच नवे उत्तर शोधू शकले. ज्यांनी तक्ते पाठ केले, त्यांचे ज्ञान पहिल्या अनपेक्षित पैजेपाशी संपले. वर्गात लहान उदाहरण फळ्यावर संपूर्ण सोडवून दाखविण्याची जुनी रीत त्यामुळे कालबाह्य ठरत नाही. मोठे उत्तर वाचण्याची दृष्टी विद्यार्थ्याला तेथूनच मिळते.